वैद्यकीय परीक्षेचे प्रश्न कसे लिहावेत: खान्देशातल्या शिक्षकांसाठी एक कामाची पद्धत

एमबीबीएस होऊन बाहेर पडलेला आपला विद्यार्थी थोड्याच दिवसांत सातपुड्याच्या पायथ्याशी एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकटा असतो. पहाटे कुणीतरी मोटारसायकलवर मध्ये बसवून रुग्ण आणतो. पापण्या खाली आलेल्या, गिळता येत नाही, अंगावर चाव्याची खूण नाही. मण्यारीच्या विषात कोणते घटक असतात, ही यादी त्या क्षणी त्याच्या कामाची नसते. एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचे प्रतिविष, सुरू करायची की नाही, एवढेच त्याला पाच मिनिटांत ठरवायचे असते. आपण मात्र साडेचार वर्षे त्याला यादीच विचारत आलेलो असतो. परीक्षेत जे विचारले जाते तेच मुले वाचतात, हे धुळे, जळगाव, नंदुरबारच्या कोणत्याही होस्टेलवर परीक्षेच्या आदल्या आठवड्यात दिसते. म्हणून प्रश्न लिहिणे हे शिकवण्याइतकेच मोठे काम आहे, असे मी मानतो. ते काम हातात घेतल्यापासून निकालाचे आकडे तपासेपर्यंत कसे करावे, ते इथे क्रमाने मांडतो. प्रत्यक्ष प्रश्न आपण इंग्रजीत लिहितो. पद्धत नीट कळावी म्हणून उदाहरणे मराठीत देत आहे.

पुस्तक उघडण्याआधी एक वाक्य लिहा

प्रश्न लिहायला बसलो की हात आपोआप पाठ्यपुस्तकाकडे जातो, आणि पान समोर आले की त्या पानावरचे वाक्यच प्रश्न बनते. त्याऐवजी आधी कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहावे: हा विषय शिकलेल्या मुलाला रुग्णासमोर काय ठरवता यायला हवे?

सर्पदंशासाठी ते वाक्य असे होईल: ‘चाव्याची खूण नसतानाही मण्यारीचा दंश ओळखून एएसव्ही सुरू करता यावी.’ ऑर्गनोफॉस्फरस (कीटकनाशकाच्या) विषबाधेसाठी: ‘ॲट्रोपिन (तिच्यावरचे औषध) पुरेसे झाले की नाही हे रुग्ण तपासून सांगता यावे.’ सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी: ‘लहान बाळाची सोल्युबिलिटी चाचणी (सिकलसेलची प्राथमिक रक्तचाचणी) निगेटिव्ह आली म्हणून पालकांना निश्चिंत करू नये, हे कळावे.’

बायोकेमिस्ट्री किंवा फिजिओलॉजी शिकवणारे सहकारी म्हणतात, आमच्याकडे रुग्णच नसतो, मग निर्णय कुठला? त्यांच्याकडे निर्णयामागचे कारण असते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन एफ अजून बरेच शिल्लक असते, सिकलसेलचे हिमोग्लोबिन एस कमी असते, म्हणून सोल्युबिलिटी चाचणी फसू शकते. हा बायोकेमिस्ट्रीचाच प्रश्न आहे, आणि तो पहिल्या वर्षातही विचारता येतो.

सगळेच पाठांतर वाईट, असा याचा अर्थ नाही. एएसव्ही देताना ॲनाफायलॅक्सिस (जीवघेणी ॲलर्जी) झाला तर प्रौढाला ॲड्रेनॅलिन 0.5 मिलिग्रॅम स्नायूतून द्यायचे, हे पाठच असायला हवे. तिथे विचार करत बसायला वेळ नसतो. अशा गोष्टी सरळ विचाराव्यात. फक्त त्या आपण निवडून विचारतो आहोत, की लिहायला सोप्या म्हणून त्याच येत राहतात, एवढे तपासावे.

गुण वाटून घ्या

दुसरी पायरी ब्लूप्रिंटची, म्हणजे कोणत्या विषयाला किती गुण ते ठरवणाऱ्या तक्त्याची. तक्ता भरून फायलीत लावण्यापुरता तो केला जातो, याचे मला वाईट वाटते, कारण हे अर्ध्या तासाचे काम पेपरचे रूप बदलते.

प्रत्येक विषयाला दोन आकडे द्या. चुकले तर रुग्णाचे किती नुकसान, त्याला 1 ते 3. आणि आपल्या भागात किती वेळा समोर येते, त्यालाही 1 ते 3. दोन्हींचा गुणाकार करा. समजा मेडिसिनची 50 गुणांची इंटर्नल (कॉलेजातली अंतर्गत परीक्षा) आहे. विषबाधा व सर्पदंश 3 गुणिले 3 म्हणजे 9. सिकलसेल धरून ॲनिमिया 2 गुणिले 3 म्हणजे 6. उष्णतेचे आजार 3 गुणिले 2 म्हणजे 6. उंचीवरचे आजार 2 गुणिले 1 म्हणजे 2, आणि एखादा दुर्मीळ चयापचयाचा आजार तोही 2. बेरीज 25. म्हणजे प्रत्येक एककाला 2 गुण: अनुक्रमे 18, 12, 12, 4 आणि 4.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या पुढे जातो, कापसाच्या फवारणीच्या दिवसांत विषबाधेचे रुग्ण येतात, अक्कलकुवा-धडगावकडे सिकलसेल आहे. आपल्या पेपरात हे दिसायला हवे. विद्यापीठाचा अभ्यासक्रम सगळ्यांना सारखा असला तरी इंटर्नलचा पेपर आपल्या हातात असतो.

स्टेम रचताना

आता मुख्य काम, स्टेमचे, म्हणजे पर्यायांच्या आधी येणाऱ्या प्रश्नाच्या मजकुराचे. बहुतेक पेपरांत सापडेल असा एक प्रश्न घेऊ:

‘मण्यार सापाबद्दल पुढीलपैकी कोणते विधान बरोबर आहे?’

याखाली चार विधाने: एक विषाच्या प्रकाराबद्दल, एक सापाच्या रंगाबद्दल, एक तो कोणत्या राज्यांत आढळतो त्याबद्दल, एक उपचाराबद्दल. हा एक प्रश्न नाही, चार खरे-खोटे प्रश्न एकत्र बांधले आहेत. चारही विधानांना जोडणारा धागा नसल्यामुळे मुलाला स्टेम वाचून काहीच विचार करता येत नाही; थेट पर्यायांवर जाऊन अंदाज बांधावा लागतो.

आपले वाक्य होते, ‘खूण नसतानाही ओळखून एएसव्ही सुरू करता यावी.’ तेवढ्यासाठी काय काय सांगावे लागेल? रुग्ण कोण, कुठे आणि कसा झोपला होता, त्रास कधी सुरू झाला, तपासणीत काय सापडले, हाताशी काय चाचणी आहे. बाकी काही नको. मग प्रश्न असा होतो:

‘28 वर्षांचा शेतमजूर रात्री झोपडीत जमिनीवर झोपला होता. पहाटे 4 वाजता पोटात दुखून उलटी झाली. 6 वाजता प्राथमिक आरोग्य केंद्रात आणले तेव्हा दोन्ही पापण्या खाली आलेल्या, गिळायला त्रास. अंगावर चाव्याची खूण किंवा सूज नाही. बाहुल्या सामान्य, तोंडाला लाळ नाही, छाती साफ. नाडी 96, रक्तदाब 130/80, ऑक्सिजन 96 टक्के. 20 मिनिटांच्या चाचणीत रक्त गोठले. श्वसनमार्गाची तयारी ठेवून यानंतर सर्वांत योग्य कृती कोणती?
अ) एएसव्ही 10 वायल शिरेतून
ब) ॲट्रोपिन शिरेतून
क) दर तासाला तपासून निरीक्षण
ड) पोटाच्या तपासणीसाठी सर्जनकडे रवानगी’

उत्तर अ. आता यातले प्रत्येक वाक्य कशासाठी आले ते पाहा. जमिनीवर झोपणे आणि पहाटेची पोटदुखी हे मण्यारीच्या दंशाचे ओळखीचे चित्र आहे. लाळ नाही, बाहुल्या सामान्य, हे लिहिले नसते तर विषबाधेचा विचार करणाऱ्या मुलाला ॲट्रोपिनही बरोबर वाटले असते, आणि त्याचे काही चुकले नसते. रक्त गोठले, हे मुद्दाम घातले आहे. घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठणे बिघडते, मण्यारीच्या विषाने नाही. ‘रक्त गोठले म्हणजे विष चढलेले नाही’ हा वॉर्डात खरोखर होणारा गैरसमज आहे, आणि पर्याय क त्याच मुलाची वाट पाहतो.

स्टेम लिहून झाला की चारही पर्याय हाताने झाका आणि फक्त स्टेम वाचा. अभ्यास केलेल्या मुलाला पर्याय न बघता उत्तर सुचले पाहिजे. पहिल्या प्रश्नावर हात ठेवून पाहा: ‘मण्यारीबद्दल काय बरोबर आहे?’ याला उत्तरच नाही. एवढी एकच कसोटी लावली तरी जुन्या पेपरातले निम्म्याहून अधिक प्रश्न पुन्हा लिहावेसे वाटतील.

स्टेमची भाषा सोपी ठेवा. आपल्या वर्गात जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेली मुले आहेत. बारावीपर्यंत विज्ञान इंग्रजीत वाचले असले तरी तीन उपवाक्यांचे लांबलचक इंग्रजी वाक्य त्यांना दोनदा वाचावे लागते. लहान वाक्ये, नेहमीचा क्रम: वय, काम, तक्रार, किती वेळ, तपासणी, चाचणी, मग प्रश्न. आपण वैद्यकशास्त्र तपासत आहोत, इंग्रजी वाचनाचा वेग नाही.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. सिकलसेलच्या प्रत्येक प्रश्नात ‘आदिवासी’ हा शब्द आणि सिकलसेल नसलेल्या एकाही प्रश्नात तो नाही, असे झाले की मुले रुग्ण वाचत नाहीत, जात-जमात वाचतात. उत्तर तिथेच फुटते. त्याहून वाईट म्हणजे पुढे वॉर्डातही पावरा किंवा भिल्ल आईचे फिकट बाळ दिसले की हिमोग्लोबिनची चाचणी सांगून ते मोकळे होतात, जंत आणि लोहाची कमतरता बघायची राहून जाते. समाजाचा उल्लेख निर्णयाला लागत असेल तरच करा, आणि तसाच रुग्ण मलेरियाच्या, अपेंडिक्सच्या, बाळंतपणाच्या प्रश्नातही येऊ द्या.

पर्याय कुठून आणायचे

चुकीचे पर्याय डोक्यातून काढू नका, चुकणाऱ्या मुलांकडून आणा. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) मुले जी चुकीची उत्तरे देतात ती वहीत टिपून ठेवा. पोस्टिंगला इंटर्न जे विचारतात ते टिपा. वरच्या प्रश्नातले ब, क आणि ड हे तिन्ही असेच, खऱ्या गोंधळातून येतात.

सगळे पर्याय एकाच जातीचे हवेत: चारही कृती, किंवा चारही निदाने, किंवा चारही चाचण्या. तीन औषधे आणि एक शस्त्रक्रिया असेल तर शस्त्रक्रिया वेगळी उठून दिसते.

चौथा पर्याय सुचत नसेल तर ओढून आणू नये. मायकेल रॉड्रिगेझ यांनी 2005 मध्ये आधीच्या 80 वर्षांतले अभ्यास एकत्र तपासले आणि तीन पर्याय पुरेसे असल्याचा निष्कर्ष मांडला. विद्यापीठाच्या साच्यात चार लागतात तिथे चार द्यावे लागतील. पण वर्गातल्या चाचणीत तीन चांगले पर्याय देऊन वाचलेल्या वेळात दोन प्रश्न जास्त विचारता येतात.

उत्तर फोडणाऱ्या खुणा

काही मुले विषय न वाचताही चांगले गुण घेतात, कारण ती पेपर लिहिणाऱ्याला वाचतात. सर्वांत लांब, सर्वांत सांभाळून लिहिलेला पर्याय बरोबर असतो, हे त्यांना माहीत असते; आपणच बरोबर उत्तराला ‘बहुधा’, ‘काही रुग्णांत’ असे शब्द जोडत जातो. ‘नेहमी’ आणि ‘कधीच नाही’ असलेला पर्याय ती वाचल्याबरोबर खोडतात. स्टेममधला शब्द एकाच पर्यायात पुन्हा आला, किंवा इंग्रजी व्याकरण एकाच पर्यायाला जुळले, तरी त्यांचे काम होते. ‘वरीलपैकी सर्व’ असेल तर दोन बरोबर सापडले की तिसरा वाचायची गरजच उरत नाही. हा पर्याय माझ्या मते पेपरातून कायमचा काढून टाकावा.

आकड्यांचे पर्याय एकमेकांवर चढू देऊ नका. ‘उष्माघातात शरीराचे तापमान किती असते?’ याला 38 पेक्षा जास्त, 39 पेक्षा जास्त, 40 पेक्षा जास्त असे पर्याय दिले, तर ज्याचे तापमान 41 आहे त्याला तिन्ही लागू पडतात. आकडे चढत्या क्रमाने, शब्द वर्णानुक्रमे लावले की बरोबर उत्तर सारखे ‘क’ला येण्याची सवयही मोडते.

‘पुढीलपैकी कोणते नाही’ हा प्रकार शक्यतो टाळा. परीक्षेच्या ताणात ‘नाही’ हा शब्द नजरेतून सुटतो आणि आपण ज्ञानाऐवजी नजर तपासतो. सर्पदंशावर आवळून दोर बांधणे किंवा चिरा देणे यांसारखी, केल्याने जीव धोक्यात येईल अशी गोष्ट विचारायची असेल तरच तो वापरा, आणि ‘नाही’ ठळक छापा.

लघुत्तरी आणि दीर्घोत्तरी

एमसीक्यूवर (बहुपर्यायी प्रश्नांवर) आपण इतके बोलतो, पण 2019 पासूनच्या सीबीएमई (क्षमताधारित वैद्यकीय शिक्षण) अभ्यासक्रमात लेखी परीक्षेत त्यांचा वाटा 20 टक्क्यांपर्यंतच आहे. बाकीचे गुण लिहून द्यायच्या उत्तरांचे, आणि तिथे अजून ‘टीपा लिहा: ऑर्गनोफॉस्फरस विषबाधा, 5 गुण’ चालते. दोन परीक्षक त्याच उत्तराला 2 आणि 4 देतात, कारण काय लिहिले म्हणजे पाच, हे कुणीच ठरवलेले नसते.

तोच प्रश्न असा लिहा: ‘कपाशीवर फवारणी करून आलेल्या 35 वर्षांच्या शेतकऱ्याला ॲट्रोपिन सुरू केले आहे, दर 5 मिनिटांनी डोस दुप्पट होत आहे. (अ) डोस वाढवणे कधी थांबवाल, ते ठरवणारे तीन निकष लिहा. 3 गुण. (ब) नाडी 120 झाली, पण छातीत घरघर कायम आहे. ॲट्रोपिनचे काय कराल आणि का? 2 गुण.’

त्याच बैठकीत, प्रश्नाखालीच मॉडेल आन्सर लिहून टाका. अ साठी: छातीतली घरघर थांबणे, नाडी 80 च्या वर, सिस्टॉलिक रक्तदाब 80 च्या वर, काख कोरडी होणे हेही ग्राह्य, प्रत्येकी 1, कमाल 3. ब साठी: चालू ठेवणार, 1 गुण, कारण नुसती नाडी वाढणे हे थांबण्याचे कारण नाही, घरघर अजून आहे, 1 गुण. मॉडेल आन्सर लिहिताना अडखळलात तर प्रश्नच धूसर आहे असे समजा आणि पुन्हा लिहा. हे मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगतो: उत्तर लिहिल्याशिवाय प्रश्न पाकिटात जाऊ देऊ नका.

दीर्घोत्तरी प्रश्नात उपप्रश्न एकमेकांवर टांगू नका. अ मध्ये निदान चुकले आणि ब, क, ड सगळे त्या निदानावर उभे असतील, तर एका चुकीने दहा गुण जातात. ब च्या सुरुवातीला निदान सांगून टाकायचे असेल तर ते पुढच्या पानावर छापा किंवा निदानाचे गुण कमी ठेवा.

लेखी पेपर जिथे पोचत नाही

वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी 1990 मध्ये चार थर सांगितले: माहीत आहे, कसे करायचे ते माहीत आहे, करून दाखवतो, प्रत्यक्षात करतो. लेखी पेपर पहिल्या दोन थरांपर्यंत जातो. करून दाखवण्यासाठी ओएससीई, म्हणजे एकेका स्टेशनवर ठरलेले काम करून दाखवण्याची परीक्षा, जी रोनाल्ड हार्डन यांनी 1975 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीत पुढे आणली. तिथल्या स्टेशनलाही वरचेच नियम: आधी निर्णय, मग सूचना, मग गुणांची यादी.

आपल्याकडे एक भर घालता येते. इतिहास घेण्याच्या स्टेशनवर रुग्णाची भूमिका करणारी व्यक्ती अहिराणीत बोलू द्या. ‘पोट दुखी ऱ्हायनं’ हे ऐकून राज्याबाहेरून आलेल्या मुलीला अर्थ लागला नाही तर तिने पुन्हा विचारले, बोट ठेवून दाखवायला सांगितले, नातेवाइकाची मदत घेतली, याला गुण ठेवा. भाषा येत नाही म्हणून गुण कापू नका. धडगावात पावरी ऐकून आपल्या जळगावच्या मुलालाही तेच करावे लागणार आहे.

चौघांनी एकत्र वाचणे

पेपर छापायला जाण्याआधी तो लिहिणाऱ्याशिवाय तिघांनी सोडवावा. नुसते वाचणे पुरत नाही. उत्तरतालिका न बघता सोडवावा. एक जण त्याच विभागातला, एक दुसऱ्या विभागातला, आणि जमले तर एक सिनिअर रेसिडेंट, कारण तो वॉर्डाच्या जवळ असतो. दोघांची उत्तरे वेगळी आली तर वाद घालून एकाला गप्प करू नका. दोघे शिकलेले डॉक्टर वेगळे ठरवतात याचा अर्थ स्टेममध्ये काहीतरी राहिले आहे. विभागप्रमुखांनी लिहिलेला प्रश्नही या बैठकीत सर्वांसारखाच तपासला गेला पाहिजे. त्यासाठी प्रश्नांवर नावे न टाकता ते मांडावेत.

निकालानंतरचे आकडे

परीक्षा झाली, गुण लागले, की पेपर कपाटात जातो. खरे तर प्रश्नाची परीक्षा आता सुरू होते. एक्सेल पुरते.

समजा 100 मुले बसली. एकूण गुणांनुसार लावून वरची 27 आणि खालची 27 घ्या. हा 27 टक्क्यांचा गट ट्रूमन केली यांनी 1939 मध्ये मांडला. मण्यारीच्या प्रश्नाचे बरोबर उत्तर वरच्या गटात 22 जणांनी आणि खालच्या गटात 9 जणांनी दिले. काठिण्य (किती टक्के मुलांना प्रश्न जमला): 22 अधिक 9, भागिले 54, म्हणजे 57 टक्के. भेदक्षमता (हुशार आणि कच्च्या मुलांत प्रश्न किती फरक करतो): 22 वजा 9, भागिले 27, म्हणजे 0.48. उत्तम प्रश्न, जपून ठेवा.

काठिण्य साधारण 30 ते 70 टक्क्यांत असावे असे सांगितले जाते. हे डोळे झाकून पाळू नका. ॲनाफायलॅक्सिसच्या ॲड्रेनॅलिनचा प्रश्न 95 टक्के मुलांनी बरोबर सोडवला, तर तो सोपा म्हणून काढायचा नसतो. ते सगळ्यांना यावे हीच आपली इच्छा आहे. उलट तो 60 टक्क्यांवर आला तर पेपर नव्हे, वर्ग पुन्हा घ्यायला हवा. भेदक्षमता 0.2 च्या खाली असेल तर मात्र प्रश्न पुन्हा वाचा.

ती उणे आली, म्हणजे वरच्या गटातल्या 6 आणि खालच्या गटातल्या 14 मुलांनी ‘बरोबर’ उत्तर दिले, तर सर्वांत आधी उत्तरतालिका तपासा. पुष्कळदा तिथेच अक्षर चुकलेले असते. तालिका बरोबर असेल तर हुशार मुलांनी कोणता पर्याय निवडला ते बघा आणि त्यांतल्या दोघा-तिघांना बोलावून का निवडला ते विचारा. त्यांनी दिलेले कारण पटण्यासारखे निघाले, तर तो पर्यायही ग्राह्य धरून सगळ्यांचे गुण दुरुस्त करा, आणि नोटीस बोर्डावर कारणासकट लावा.

शेवटी प्रत्येक पर्याय किती जणांनी निवडला ते मोजा. 5 टक्क्यांहून कमी मुले ज्याकडे वळली तो पर्याय नुसती जागा अडवतो. बदला किंवा काढा. मग तो प्रश्न, त्याचे दोन्ही आकडे, परीक्षेचा महिना, आणि कोणता पर्याय का बदलला याची एक ओळ, असे कुलूपबंद प्रश्नसंचात नोंदवा. पुढच्या बॅचला तोच प्रश्न जसाच्या तसा देऊ नका, सिनिअर मुलांचे फोन त्याआधीच पोचलेले असतात. वय, गाव, चाचणीचा निकाल बदला: रक्त गोठले नाही असे केले आणि पायाला सूज दिली, की तोच सांगाडा घोणशीचा प्रश्न होतो आणि पर्याय पुन्हा नव्याने तपासावे लागतात.